वरच्या अंगाचे पाणी

पाण्याचा तांब्या हाती आला की मास्तर तो लगेच तोंडाला लावीत नसत. तो उन्हाकडे कलता धरून आत पाहत. पाणी स्थिर होऊ देत. मग देणाऱ्याला विचारीत, "हे कुठून आलं?"

ऐकणाऱ्याला वाटे, हा मनुष्य आपल्या घराचा सोवळेपणा तपासतो आहे. तसे नव्हते. त्या प्रश्नात संशय नसे, भीती असे. हा फरक माझ्या ध्यानात येण्यास बराच काळ गेला. आपणही असा एखादा मनुष्य पाहिला असेल, ज्याच्या भीतीला आपण खोड समजून हसलो.

'विहिरीतून आलं' हे उत्तर त्यांना पुरत नसे. विहिरीत कुठून आले? विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे? उकिरडा आहे का? गुरे कुठे बसतात? एका लग्नात वधूपित्याने हात जोडले. म्हणाला, "मास्तर, सोयऱ्यानं माझ्या पोरीची एवढी चौकशी केली न्हाई. तुमी लग्नाला आलाव का हिरीला?" मांडव हसला. मास्तरही हसले. पण चौकशी पुरी होईपर्यंत त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही.

त्यांचे घर माझ्या घराला लागून होते. त्यांच्या पत्नीचा आवाज भिंतीपलीकडून ऐकू येई. "आधी पिऊन घ्या. वंशावळ मागून काढा."

दुधनेच्या काठच्या त्या गावात मी सरकारी शाळेचा सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्य शिक्षक होतो. राज्य निजामाचे. शिकवणे उर्दूतून. मास्तर माझ्या हाताखाली जुगराफिया, म्हणजे भूगोल शिकवीत. नकाशातल्या राजधान्या ते मुलांकडून घोकून घेत, पण त्यात त्यांचे मन नसे. वर्गातल्या माठातले पाणी कुठून आले, येथून त्यांचा धडा सुरू होई आणि कुठे जाईल, याचा अंत लागण्यापूर्वी घंटा होई. "काही थांबत न्हाई," असे म्हणून ते पुस्तक मिटीत.

एकदा मुआयन्यासाठी, म्हणजे तपासणीसाठी साहेब आले. त्यांनी वर्गाला विचारले, दुधना कहाँ से निकलती है? एका मुलाने उभे राहून सांगितले, "साब, थोडी हमारे परसू से निकलती." साहेबांना हा उद्धटपणा वाटला. मला खुलासा करावा लागला. मुलाच्या परसातली मोरी ओढ्याला मिळते, ओढा नदीला मिळतो, असे मास्तरांनी शिकवले होते. साहेब म्हणाले, हे पुस्तकात नाही. मी मान्य केले. ते पुस्तकात नव्हते.

मास्तरांचा उजवा पाय गुडघ्यात किंचित वाकलेला होता. त्यांचे बालपण पेडगावात गेले. तेथे त्यांना नारू झाला होता. ज्यांनी नारू पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो दोऱ्यासारखा लांब जंत असतो. पिण्याच्या पाण्यातून शरीरात जातो आणि सुमारे वर्षाने पायाची कातडी फोडून बाहेर येतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागतो. घाई केली तर आत तुटतो. मास्तरांचा तुटला. पाय वाचला, पण सरळ झाला नाही. ते सांगत, "पाण्यातून आत आला, पायातून बाहेर आला. मधलं वरीसभर मी त्याचा मुलूख होतो. मला पत्ताच न्हवता, सदरसाहेब."

हे ते हसत सांगत. हसताना डोळे हसत नसत.

इंग्रज गेले त्या वर्षाची गोष्ट. आमच्याकडून कोणी गेले नव्हते. उलट रझाकारांचे जथे खेड्यापाड्यांतून फिरू लागले होते. नदीच्या वरच्या अंगाला, दीडेक कोसावर असलेल्या गावात त्यांचा तळ पडला होता. ज्यांना शक्य होते त्यांनी बायकामुले वऱ्हाडात पाठवली होती. जे उरले ते दिवसा शेतात आणि संध्याकाळी दाराआड असत. रोज नवी बातमी येई. अमुक गाव जाळले. तमुक गावच्या विहिरीत विष टाकले. बातमी आणणाऱ्याने ती कोणाकडून ऐकलेली असे, त्याने आणखी कोणाकडून. मास्तर बातमीलाही तेच विचारीत, "ही कुठून आली?" कोणी सांगू शकत नसे. बातमी मात्र पुढे गेलेली असे.

कार्तिकातल्या एका सकाळी डोहात मासे मेलेले दिसले.

गावातले आड आणि मळ्यातल्या विहिरी खाऱ्या होत्या, म्हणून पिण्याचे पाणी त्या डोहाच्या कडेला, वाळूत खणलेल्या झिऱ्यांतून येई. बायका पहाटे गेल्या, तो डोह पांढऱ्या पोटांनी भरला होता. मासे, खेकडे, काही बेडूकही. पाण्यावर काळपट साय होती. झिऱ्याच्या पाण्याला वास येत होता. दोघीतिघींनी त्याच वेळी हेही पाहिले की पलीकडच्या काठावर गावचा पखाली आपली पखाल डोहात रिकामी करीत होता आणि त्या पखालीतून लाल पाणी पडत होते.

पखाली म्हणजे कातड्याच्या मोठ्या पिशवीतून पाणी वाहणारा. तो मुसलमान होता. सरकारी चौकीला, शाळेच्या झाडांना आणि बाजाराच्या जागेवर शिंपायला पाणी आणी. त्याचे वडीलही हेच करीत. पण त्या सकाळी तो कोणाचा मुलगा आहे, हे कोणाला आठवले नाही.

तो धावत शाळेच्या पडवीत आला. त्याच्यामागे गाव आले. मी त्याला वर्गात ढकलले आणि बाहेरून कुलूप लावले. त्या क्षणी दुसरे काही सुचले नाही. चौकीवरचे दोन्ही शिपाई तालुक्याला गेले होते.

पाटलांचा धाकटा भाऊ कुऱ्हाड घेऊन पुढे झाला. "सदरसाब, कुलूप काढा."

"कुलूप सरकारचे आहे."

"सरकार कुणाचं हाय ते ठाव हाय आमाला. काढा."

मी काढले नाही. पाटील स्वतः पायरीवर बसले. ते शहाणे गृहस्थ होते, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाले, "सदरसाब, याला मारलं तर उद्या वरचे येऊन गाव जाळतेत. सोडलं तर परवा दुसऱ्या झिऱ्यात टाकतोय. मी काय करू, तुमीच सांगा."

आतून पखाली दारावर हात मारीत होता. "बबूल की छाल का पानी था, साब! नवी पखाल पकाया मैं. वोच फेंक्या. जहर नै, साब!"

तो खरे बोलत होता. नवे कातडे टिकावे म्हणून पखालीत बाभळीच्या सालीचे पाणी काही दिवस भरून ठेवतात आणि मग ओतून देतात. ते लालच असते. गावातल्या प्रत्येकाने हे जन्मभर पाहिले होते. त्या दिवशी त्याचा कोणाला उपयोग नव्हता. सकाळपासून कोणी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. घागरी पालथ्या पडल्या होत्या. घरोघरी लेकरे रडत होती आणि तो आवाज शाळेपर्यंत येत होता. तहानलेल्या माणसाला पुरावा नको असतो.

मास्तर गर्दीत नव्हते. ते नदीकडून आले. धोतराला चिखल नव्हता. ते काठाकाठाने गेले होते, पाण्याला पाय न लावता. ते पायरीपुढे येऊन उभे राहिले.

"पाटील, मासे डोहाच्या वरबी मेलेत. लय वरपर्यंत मेलेत. पखाल हितं रिकामी झाली. पाणी उलटं चढत न्हाई."

"मासं वर पवून गेलं आसतील," धाकटा म्हणाला.

"मेलेले?"

कोणीतरी हसले. ते हसू लगेच थांबले. धाकट्याने विचारले, "मग तुमीच सांगा मास्तर, कशानं मेले?"

"ते मला ठाव न्हाई. वरून आलंय, एवढं दिसायलंय. मी बघून येतो."

"कुठं?"

"जिथून आलं तिथं."

वरच्या अंगाला तळ होता. पाटील म्हणाले, "मास्तर, खुळ्यावानी करू नका. जायचंच तर चार गडी न्या संगं."

"एकटा गेलो तर मास्तर. चौघं गेलो तर टोळी."

पाटलांनी उन्हाकडे पाहिले. "दिस मावळंस्तवर मी हितंच बसतो. तंवर ह्याला कोणी हात लावणार न्हाई. पुढचं माझ्या हातात न्हाई, मास्तर."

मास्तर माझ्याजवळ आले. शाळेच्या माठात आदल्या दिवशीचे पाणी होते. त्यांनी तांब्या भरून घेतला आणि सवयीने उन्हाकडे कलता केला. हात इतका हालत होता की पाणी स्थिर होईना. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग तसेच प्याले.

मी म्हणालो, "तुम्ही गेलेच पाहिजे, असे नाही."

"मला भ्या वाटायलंय, सदरसाहेब," ते हळू म्हणाले. "पण हितं बसून वाटायलंय ते जास्त हाय."

एवढेच बोलणे झाले. ते वाळूतून, पाय ओढीत, नदीच्या वरच्या अंगाला चालू लागले. वळणाच्या करंजांपर्यंत मला दिसत होते.

तो दिवस मी दाराशी उभा राहून काढला. बसलो तर उठू दिले जाणार नाही, असे वाटत होते. दुपारपर्यंत गर्दी वाढली. शेजारच्या वस्तीवरून आलेल्या एकाने सांगितले की तिकडे दोन माणसे पाणी पिऊन मेली. कोणती माणसे, हे त्याला माहीत नव्हते. बातमी पसरली तशी पाठीमागची माणसे पुढे सरकली. आतला पखाली आता ओरडत नव्हता. तो दाराला पाठ लावून बसला असावा. त्याचा श्वास फळीतून माझ्या पाठीला जाणवत होता. एकदा त्याने विचारले, "साब, कितने लोगां है?" मी सांगितले, "थोडे आहेत." ते खरे नव्हते.

उन्हे उतरली. पाटील पायरीवरून उठले, उपरणे झटकले, पुन्हा बसले. त्यांचा भाऊ त्यांच्याकडे पाहत होता. मी खिशातल्या किल्लीवर हात ठेवला. तिचा काही उपयोग नव्हता. दार जुने होते, कुऱ्हाडीपुढे टिकणारे नव्हते.

तेवढ्यात नदीवरून बाईचा आवाज आला. "मढं! मढं आलं वो पाण्यात!"

शाळेची पडवी उंचावर होती. तेथून डोह दिसत असे. वळणावरून काहीतरी काळे, लांब, माणसाएवढे संथपणे खाली येत होते. ते एकदा पालथे झाले आणि पुन्हा वर आले. गर्दी काठाकडे धावली आणि काठाशी पोहोचून थबकली. कोणी पाण्याला हात लावेना. मी मास्तरांच्या घराकडे पाहिले. त्यांची पत्नी दारात उभी होती. ती हलली नाही.

मग वळणावरून दुसरे आले. मग तिसरे. त्यांच्यामागे आणखी.

पाटील पाण्यात उतरले आणि काठीने पहिले ओढून त्यांनी काठाला लावले. वासाने लोक मागे हटले. एक म्हातारी मात्र पुढे झाली. तिने वाकून बोटाने त्यावरची साल सोलली आणि कपाळाला हात लावला.

"मढं कशाचं रे मुडद्यांनो! अंबाडी हाय ही!"

अंबाडी आमच्याकडे प्रत्येक शेताच्या बांधाला असते. तिच्या वाखाचे, म्हणजे सालीतल्या धाग्यांचे, दोर होतात. कार्तिकात ती कापून, पेंढ्या बांधून, वर दगड ठेवून डोहात बुडवतात. तिथे ती कुजली की वाख सुटतो. ज्या पाण्यात अंबाडी कुजते ते काळे होते आणि त्याला घाण सुटते. त्यात मासा जगत नाही. म्हणून कोणतेही गाव आपली अंबाडी वस्तीच्या वर भिजवत नाही, खालच्या डोहात भिजवते. तशी रीतच आहे. वरच्या गावाने रीतीप्रमाणे आपल्या खालच्या डोहात भिजवली होती. नदी आटत आली होती, म्हणून ते पाणी तिथेच साचून होते. दोन दिवसांपूर्वी वरच्या अंगाला अवकाळी सर पडली आणि तिने ते सगळे आमच्याकडे लोटून दिले.

एका गावाच्या खालचा डोह पुढच्या गावाच्या वरचा डोह असतो. हे कोणाच्या मनात आले नव्हते. माझ्याही नाही.

पेंढ्यांच्या गाठी शाबूत होत्या. वरचे दगड तेवढे काढून त्या प्रवाहात सोडलेल्या होत्या. हे काम मास्तरांचे, याविषयी कोणाला शंका उरली नाही. परत येऊन त्यांनी तोंडाने सांगितले असते तरी चालले असते. पण स्वतः परत पोहोचण्याची त्यांना खात्री नसावी. पाणी पोहोचेल, याची होती.

मी कुलूप काढले. पखाली उजेडात आला आणि डोळ्यांवर हात धरून उभा राहिला. पाटलांच्या भावाने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो दुसरीकडे पाहत घराकडे गेला. पखालीने गर्दीवर नजर फिरवली. "मास्तर साब कहाँ है?"

पाटलांनी नदीच्या वरच्या अंगाकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मास्तर आले नाहीत. वर जाऊन विचारू शकेल असा गावात एकच मनुष्य होता, पखाली. त्याला कोणी सांगितले नाही. तो आपण होऊन गेला. दुपारी परत आला आणि शाळेच्या पायरीवर, पाटील आदल्या दिवशी बसले होते त्याच जागी बसला.

"कमर तक पानी में खड़े थे बोलते," तो म्हणाला. "गट्ठे छोड़ रहे थे. वहाँ के लोगां देखे. पूछे, कौन है रे तू, हमारे पानी में क्या डाल रहा? मास्तर साब बोले, डाल नै रहौं, निकाल रहौं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कोई माने नै, साब. पराया आदमी, पानी में उतरा, जहर डाला बोले. तळवालों को बुलाए. उनो लेको गए."

"कुठे?"

"नाके के तरफ. आगे किसी को मालूम नै."

त्यानंतर मी तालुक्याला गेलो, परभणीस गेलो. पोलीस ॲक्शन झाल्यावर तीच दारे पुन्हा चढलो. माणसे बदलली होती. उत्तर तेच होते.

मास्तरांच्या पत्नीस हे मलाच सांगावे लागले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, "पाण्यात उतरले होते ते?"

"होय."

"कमरेइतक्या?"

"तसे सांगतात."

"ज्या दिवशी नारू निघाला, त्या दिवसापासून घोट्याच्या वर पाणी येऊ दिलं न्हवतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "न्हाणीतबी पाटावर बसायचे." नंतर त्या उठून आत गेल्या. पुढे त्यांचे भाऊ त्यांना घेऊन गेले. भिंतीपलीकडचे घर बरेच दिवस रिकामे होते.

पखालीचे बोलणे त्या दुपारी ज्यांनी ऐकले, त्यांत पाटलांचा भाऊही होता. तो उठला. त्याच्यामागे आणखी काही जण उठले. मी पडवीतून पाहत होतो. ते गावाच्या खालच्या डोहाकडे गेले. आमच्या गावाची अंबाडी तिथे भिजत होती. त्या सरीचे पाणी या डोहातूनही, आमच्या अंबाडीची घाण घेऊन, पुढे गेले होते. खालच्या गावात आदल्या दिवशी काय झाले, कोणाला कोंडले, दाराशी कोणी उभे होते की नव्हते, हे मला माहीत नाही. विचारायला कोणी गेले नाही. भीती वाटत होती.

त्यांनी दगड काढले आणि एकेक पेंढी ओढून वाळूवर टाकली. अंधार पडेपर्यंत ते काम चालले. अंबाडी अजून अर्धीच कुजली होती. तिचा वाख नीट सुटला नाही. जो सुटला त्याचे दोर वळले, ते राठ आणि कच्चे झाले. वर्षभर ते तुटत राहिले. मोटेला तुटले, दावणीला तुटले, भरल्या घागरीनिशी आडात तुटले. दोर तुटला की शिवी देण्याची आमच्याकडे पद्धत आहे. त्या वर्षी मी ती ऐकली नाही. माणसे दोराचे तुटके टोक हातात धरून जराशी उभी राहत आणि मग खाली बसून गाठ मारीत.